बोर्डावरची नोकरी

"ऊठ गं," सर म्हणाले.

मी चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले होते. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, एवढीच पाळी आमच्या वाट्याला यायची. त्यातली दहा मिनिटं नुकतीच झाली होती. मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणत असतील. मी टाइप करत राहिले.

"तुलाच म्हणतोय. योजनेतल्या पोरांनी मागं बसायचं. मशीन फी भरणाऱ्यांचं आहे."

सरांच्या मागं एक नवा मुलगा उभा होता आणि त्याच्या मागं त्याचे वडील, नांदेडातले डॉक्टर. मी उठले. मुलगा बसायला लागला तसं सरांनी त्याला हातानं थांबवलं. दारातल्या शिपायाला हाक मारली आणि म्हणाले, "आधी पुसून घे." शिपायानं फडकं आणलं. की-बोर्ड पुसला, माउस पुसला, मग खुर्ची. खुर्चीची पाठसुद्धा पुसली. वर्गात तीसेक मुलं होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर निदान काहीतरी घडलं हे सगळ्यांना दिसलंय, असं तरी वाटलं असतं. सगळे आपापल्या स्क्रीनकडं बघत राहिले.

मी मागं सतरंजीवर जाऊन बसले. तिथं आम्ही अकरा जण होतो. सगळे एकाच सरकारी योजनेतले, सगळे आमच्याच लोकांतले. मी नांदेडला मावशीकडं राहायचे. सकाळी तिच्या घरची सगळी भांडी घासून मी क्लासला आले होते. त्या वर्गात माझ्याइतके धुतलेले हात कुणाचेच नसतील.

तेव्हा राग आला नाही. लाज वाटली. घरी जाऊन मावशीकडं पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी पट्टीनं की-बोर्ड आखला, एकेक अक्षर लिहिलं आणि त्यावर बोटं चालवायला लागले. राग यायला वेळ लागला. तो कसा आला ते सांगते.

माझं गाव लातूर जिल्ह्यात, औशाकडं. जुनं गाव भूकंपात गेलं. मी तेव्हा दुसरीत होते. त्यानंतरची दोन-तीन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली आणि त्या वर्षांत गावात फॉर्म आले. पत्र्याचा फॉर्म, ब्लँकेटचा फॉर्म, भांड्यांचा फॉर्म, घराचा फॉर्म. गाडी यायची, टेबल मांडलं जायचं, कुणीतरी पेन पुढं करायचं. ज्यानं सही केली त्याला मिळालं. ज्यानं विचारलं, 'हे कशाचं हाय?' त्याचं नाव यादीत खाली गेलं. खाली गेलेल्यांचे हाल आम्ही शेजारी राहून बघितले. गाव त्यातून एकच गोष्ट शिकलं. फॉर्म दिसला की सही करायची, वाचत बसायचं नाही. नवं गाव झालं, एकसारखी घरं ओळीनं उभी राहिली, तरी ती सवय गेली नाही.

मी बारावी झाले तेव्हा लातूर शिकवण्यांनी फुलून गेलं होतं. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. बांधकामावर जाणारी आमची माणसं संध्याकाळी परत येऊन त्या फोटोंतली नावं घरात सांगायची, जणू पाहुण्यांची खुशाली सांगतायत. ज्याचा फोटो बोर्डावर लागला त्याचं भलं झालं, यात कुणाला शंका नव्हती. मला एकसष्ट टक्के पडले होते. मी काही त्या फोटोंत बसणारी नव्हते.

मग नांदेडहून एक जीप आली. त्यातून एक मॅडम उतरल्या. आमच्या वस्तीत टेबल मांडलं. मागासवर्गीय मुलामुलींसाठी सरकारी योजना आहे, सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग, सहा महिने, नोकरीची हमी. फी सरकार थेट संस्थेला देणार आणि शेवटचा हप्ता मुलांना नोकरी लागल्यावर. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आता ते झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. सही झोकात करतात. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जागी करायची?"

"पाच," मॅडम म्हणाल्या.

त्यातले दोन कागद कोरे होते. खाली नुसता संस्थेचा शिक्का. मी म्हणाले, "अण्णा, ह्याच्यावर काय लिवलेलंच न्हाई."

"त्या भरतेत की मागून. मॅडमला टाइम कुठं हाय एवढा," अण्णा म्हणाले आणि सही केली. मॅडम माझ्याकडं बघून गोड हसल्या. मग त्यांनी माझी टीसी, मार्कमेमो आणि जातीचा दाखला घेतला. झेरॉक्स नाही, मूळ कागद. "तपासणीसाठी लागतात, आठ दिवसांत परत," म्हणाल्या. पावती कुणी मागितली नाही. आम्हाला ते सुचलंच नाही.

सहा महिन्यांत मला काय शिकवलं? एक झेरॉक्स काढलेलं पुस्तक दिलं, त्याची शेवटची पानं पुसट होती. टायपिंग थोडं. 'सॉफ्टवेअर' हा शब्द रोज ऐकला, ते कसं लिहितात ते एकदाही बघितलं नाही. मला उठवणारे सर संस्थेचे मालक होते; शिकवणारे मात्र दर महिन्याला बदलायचे. शेवटी एक दिवस फोटोवाला आला. संस्थेकडं एकच काळा कोट होता. तो एकानं काढायचा, दुसऱ्यानं घालायचा. मला तो दोन मापं मोठा झाला म्हणून पाठीमागं चार पिना लावल्या. "हस," फोटोवाला म्हणाला. मी हसले. नोकरीचं विचारलं तर उत्तर यायचं, प्रोसेसमध्ये आहे. कागद मागितले तर उत्तर यायचं, नोकरी लागली की एकदम देऊ. मी मावशीकडं भांडी घासत आणि वाट बघत बसले.

पुढं जयंतीला गावी निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या स्टँडवर बस थांबली आणि खिडकीतून मला मी दिसले. भला मोठा बोर्ड. काळा कोट, हसणारं तोंड, खाली माझं नाव, गावाचं नाव आणि लाल अक्षरात, 'पुणे येथे सॉफ्टवेअर कंपनीत निवड'. माझ्या मांडीवर जुन्या साडीची पिशवी होती, तिच्यात मावशीनं दिलेल्या चार भाकरी. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते, कारण खोटं सांगायला मी हे लिहीत नाही. मला बरं वाटलं. क्षणभर. शेजारची बाई बोर्डाकडं बघून मग माझ्याकडं बघायला लागली तेव्हा मी तोंडावर पदर घेतला.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. विहारात सत्कार ठेवला होता. अण्णांनी नवा पांढरा सदरा शिवला होता. मी त्यांना घरात बाजूला घेतलं.

"अण्णा, मला नोकरी न्हाई लागली."

"बोर्डावर आलंय न्हवं?"

"ते खोटं हाय."

अण्णांनी नव्या सदऱ्याची गुंडी लावली. मग म्हणाले, "लागल की. एवढी मोठी संस्था, भर स्टँडावर खोटं कशाला लिवील? आज काय बोलू नको. लोकं जमलेत."

मी बोलले नाही. विहारात गेले, शाल घेतली, गळ्यात हार घालून घेतला. त्या संस्थेच्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सत्कार झाल्या झाल्या त्या उठल्या. माझ्याच सत्काराच्या टेबलावर, हार बाजूला सरकवून, फॉर्म ठेवले. पाच पोरींनी भरले. त्यात आमच्या शेजारची संगी होती. तिला खरं तर नर्सिंगला जायचं होतं, यादीत नावही लागण्यासारखं होतं. ती तिचे मूळ कागद मॅडमच्या हातात देऊन माझ्याजवळ आली. "तायडे, तू हायस म्हणून चाल्ले म्या. न्हाईतर बापानं धाडलं नसतं," म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या हाताचा आजही राग येतो.

जूनमध्ये मी डीएडचा अर्ज भरायचं ठरवलं. त्याला मूळ कागद लागत होते. नांदेडला सरांकडं गेले. सर म्हणाले, "देतो की. चार दिवस इथं बाहेर बस. नवीन पालक येतात, त्यांच्याशी दोन शब्द बोल. पुण्याहून सुट्टीवर आलीय म्हणून सांग. तुमच्या भाषेत बोल, त्यांना पटतं." आणि मी बसले. पहिल्या दिवशी मी फक्त मान हलवली. पण मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक फाइल माझ्या हातात दिली आणि खाली झेरॉक्सला पाठवलं. जिन्याखाली नसीमआपांचं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज लिहून देणं. मी फाइल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिला कागद काचेवर ठेवला, परत उचलला, चष्मा वर केला.

"ये तेराच नाव हाय ना बेटा?"

"हो."

"आन हे दस्तखत तुझ्या अब्बाचं?"

झोकदार सही. अण्णांचीच. कोऱ्या कागदावर केलेली. आता तो कोरा नव्हता. वर टाइप केलं होतं, 'माझ्या मुलीस पुणे येथे नोकरी मिळाली असून तिची सर्व मूळ कागदपत्रे मला परत मिळाली आहेत. माझी कोणतीही तक्रार नाही.'

"जल्दी नक्को करू," नसीमआपा म्हणाल्या. "एक एक पढ. हर साल हेच कागदं येतेत माझ्याकडं. नावं दुसरी, मजकूर तोच."

मी एक एक वाचला. अकरा जणांचे होते. त्या सतरंजीवरचे सगळे. नोकरी लागल्यावर मिळणारा तो शेवटचा हप्ता सरकारकडून ह्याच कागदांवर उचलायचा होता. चांगला अर्धा तास लागला, नसीमआपांनी तेवढा वेळ दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. सरांनी ही फाइल माझ्याच हातात दिली होती. मी ती उघडून वाचणार नाही, याची त्यांना खात्री होती. आमच्या गावाची, आमच्या लोकांची त्यांनी तेवढी पारख केली होती, आणि तिच्यावर त्यांचा धंदा उभा होता. तिथं, त्या जिन्याखाली, मला राग आला.   खुर्ची पुसली होती ते आत्ता पुसल्यासारखं अंगावर आलं.

"एक सेट खराब निघाला म्हणून सांगते मी त्यांना," नसीमआपा म्हणाल्या. त्यांनी जास्तीची एक प्रत काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. "पण येक सांगते. ह्याच्यावर घरी बसून रडली तर फाडून टाक. काम करायचं असंल तर ठेव."

मी वर गेले. बाहेरच्या खोलीत तीन पालक बसले होते. एक कंधारकडचे, एक चाकूरचे, एक कुठले ते आठवत नाही. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. सर त्यांना म्हणत होते, "ही बघा, आमची विद्यार्थिनी. भूकंपग्रस्त गावची. आज पुण्यात कंपनीत आहे. सांग गं यांना."

मी सांगितलं. "मला नोकरी लागलेली नाही. मी कधी पुण्याला गेलेली नाही. माझे मूळ कागद यांनी वर्षभर दाबून ठेवलेत. तुमचे देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. बोर्डावर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरी जाऊन विचारा."

सरांचा चेहरा पडला नाही. ते तयारीचे होते. शांतपणे म्हणाले, "बघा, वर आणलं की ही माणसं अशी उलटतात. सरकार फुकट देतं ना, त्याची किंमत नसते यांना."

"फुकट नाही," मी म्हणाले. "आमच्या नावावर तुम्ही घेता. आम्ही नसतो तर तुम्हाला सरकारनं दारात उभं केलं नसतं."

चाकूरचे गृहस्थ उठले. पिशवी काखेत मारली आणि मला विचारलं, "मंग न्हाई द्यायची कागदं?"

"न्हाई."

ते गेले. दुसरे दोघं बसून राहिले. एक जण तर माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरी, आमचं कशाला बिघडवतीस?" मला वाटलं होतं खरं बोललं की खोली रिकामी होईल. एक माणूस गेला, बस.

आतल्या वर्गाच्या दारात संगी उभी होती. तिचा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. कुठं बसत असेल ते मला विचारायची गरज नव्हती. नर्सिंगची तारीख कागदांवाचून निघून गेली होती. ती आरडाओरडा करील असं वाटलं. तिनं हळूच विचारलं, "मग तवा विहारात का न्हाई बोललीस?"

 सरांना उत्तर देता आलं होतं, संगीला नाही. अण्णा म्हणाले होते म्हणून, लोक जमले होते म्हणून, शाल चांगली होती म्हणून. सगळी खरी कारणं आणि सगळी तिच्या वर्षापुढं फालतू. सरांनी मला जिथं बसवलं तिथं मी बसले, हे झालंच. पण संगीला मी बसवलं. ते सरांच्या नावावर ढकलता येत नाही.

मी त्याच दिवशी गावाकडं निघाले. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोर्ड खोटा आहे. मी हार घातला तेव्हा मला माहीत होतं. मग पिशवीतली ती झेरॉक्स प्रत काढून अण्णांची सही असलेला कागद मोठ्यानं वाचला. अण्णा पहिल्या रांगेत होते. कागद संपायच्या आत ते उठून बाहेर गेले. कुणीतरी म्हणालं, "बापाची अब्रू घालवली."  संगीची आई रडत होती.

दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. माय ताट वाढायची, ते माझ्याकडं पाठ करून जेवायचे. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून तक्रार लिहीत होते. अण्णा समोर येऊन बसले.

"कोऱ्या कागदावर सही म्या केली, हे लिव. माझ्या नावानं लिव. पोरीनं सांगितलं तरी ऐकलं न्हाई, हे बी लिव."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं, मगच सही केली. मग त्या प्रतीतल्या बाकीच्या दहा जणांच्या घरी गेले. सात घरांनी वाचून घेऊन सह्या केल्या. तीन घरांनी दार लावलं.

समाजकल्याणच्या ऑफिसात साहेब नव्हते. कारकून म्हणाला, "त्या पेटीत टाका." नसीमआपांनी आधीच बजावलं होतं. मी म्हणाले, "पेटीत नाही टाकणार. आवक नंबर द्या, आमच्या प्रतीवर शिक्का मारा." तो म्हणाला, "तुम्हाला विश्वास नाही का?" मी म्हणाले, "नाही." तासभर उभी राहिले. शिक्का मिळाला. तसाच दुसरा पोलीस ठाण्यात घेतला, तिथं चार फेऱ्या लागल्या. कागद दाबून ठेवले ते वेगळं लिहिलं, खोटी नोकरी दाखवली ते वेगळं. जोडीला ती 'खराब निघालेली' प्रत. ती कुणी दिली ते मी कुठल्याच साहेबाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. नसीमआपांचं नावही इथं वेगळं लिहिलंय.

ऑफिसातून चौकशीची नोटीस निघाली आणि चार दिवसांत संस्थेचा माणूस आमच्या दारात आला. डीएडचा अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यांना ते बरोबर माहीत होतं. त्यानं पिशवीतून माझी टीसी, मार्कमेमो, दाखला काढून ओट्यावर मांडला. वर्षानं बघितले मी माझे कागद. टीसीचा कोपरा दुमडला होता. शेजारी त्यानं एक टाइप केलेला कागद ठेवला. गैरसमजातून तक्रार केली, ती मागं घेत आहे.

"इथं सही कर आणि तुझे कागद उचल. उद्या फॉर्म भर. झालं," तो म्हणाला.

"संगीचे कुठं आहेत?"

"तिचं नंतर बघू."

"बाकीच्यांचे?"

"तू तुझं बघ ना. तुझंच वर्ष जाईल."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते.  माय आतून बघत होती. मला टीसी उचलावीशी वाटली. फार वाटली. हात पुढंही गेला. दुमडलेला कोपरा मी सरळ केला आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवून त्याच्याकडं सरकवले.

"वर्ष माझं आहे," मी म्हणाले. "ते विकायला काढलेलं नाही. सगळ्यांचे कागद आण, संगीचे आधी. आणि आणलेस तरी तक्रार मागं घेणार नाही. जाऊन सांग त्यांना."